लॅपटॉपची खोली

लॅपटॉप तापायला लागला तेव्हा त्या घरात जेवढी धावपळ झाली, तेवढी बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही झाली नव्हती. हे कुजकटपणे म्हटल्यासारखं वाटेल. वाटू दे. बाबांना डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. लॅपटॉपपायी मात्र मुलाचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

मुलाचं काम असं, की अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म तो बनवायचा. फाटकातून आत शिरायचं, हिरवळीवरून पुढे यायचं, लिफ्टने वर जायचं, तर वरच्या दिवाणखान्यात पडदा वाऱ्यावर हलतोय. प्रत्यक्षात त्या जागी खड्डा आणि खड्ड्यात साचलेलं पाणी. बिल्डर ही फिल्म दाखवून फ्लॅट विकायचा. आखणं, रंग भरणं हे सगळं लॅपटॉप निमूटपणे करायचा. त्याचा जीव जायचा तो शेवटी. रेंडर म्हणतात त्याला. एकेका चित्रावर उजेड कुठून पडेल, सावली कुठे जाईल, काचेत काय दिसेल, हे सगळं यंत्र स्वतः मोजत बसतं, तासन्‌तास. या वेळच्या इमारतीत पोहण्याचा तलाव होता आणि त्या तलावाच्या पाण्यावर चमचमणाऱ्या उजेडाने लॅपटॉपला घाम फोडला. पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, बटणांवर बोट ठेववायचं नाही, आणि काम निम्म्यावर आलं की पडदा काळा. केलेलं सगळं पाण्यात.

हे काम वेळेवर झालं तर बिल्डर त्याला ऑफिसात कायमचा घेणार होता. त्यामुळे तो हात धुऊन मागे लागला होता.

त्याने काय काय केलं म्हणून सांगावं. लॅपटॉपच्या मागच्या कडेला बाटलीची झाकणं चिकटवली, खालून हवा खेळावी म्हणून. गादीवर, मांडीवर ठेवणं बंद केलं. तळ उघडून पंख्यात अडकलेला धुळीचा बोळा काढला, जुन्या टूथब्रशने जाळी घासली, चिपची उष्णता ओढून घेणारी, पण आता सुकून खडा झालेली पेस्ट पुसून नवी लावली. पंखे असलेलं स्टँड आणलं. बायको दारात उभी राहून बघायची. "माझी कंबर महिनाभर धरलीये," ती म्हणाली. "मलापण खालून दोन झाकणं लाव." तो हसला नाही. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन यंत्राचा वेगच कमी केला. तापणं थांबलं, पण काम असं रखडायला लागलं की फिल्म होण्याआधी बिल्डिंग बांधून झाली असती.

एक साधी गोष्ट मात्र त्याने केली नाही. प्रत्येक चित्र सुटं सुटं साठवत गेलं तर मध्येच बंद पडलं तरी झालेलं वाया जात नाही. नंतर सगळी एकत्र जोडावी लागतात, एवढंच. त्याला त्या जोडण्याचा कंटाळा. तो सरळ एकसंध फिल्मच बनवायला लावायचा. आळशी माणूस कष्ट वाचवण्यासाठी किती कष्ट करतो, ते या मुलाकडे बघून कळावं.

मग एका दुपारी तो लॅपटॉप हातात घेऊनच बाबांच्या खोलीत गेला. कुठलीशी वायर शोधायची होती. पाच मिनिटांनी पाहतो तर पंखा शांत झालेला. त्या खोलीत एसी होता, घरातला एकमेव. बाबा पडून असतात, उन्हाळ्यात पाठीला जखमा होतील, म्हणून लांब राहणाऱ्या ताईने, म्हणजे बाबांच्या मुलीने, तो बसवून दिला होता आणि सव्वीसवर ठेवा म्हणून फोनवर बजावलंही होतं. ताई सगळं फोनवरच बजावायची. ती फार प्रेमळ होती, लांबून.

मुलगा तिथेच थबकला. "सापडलं," तो म्हणाला. बाबांना वाटलं, वायर सापडली.

त्या दिवसापासून लॅपटॉप बाबांच्या खोलीत राहायला आला. पलंगाशेजारी, एसीच्या थेट झोतात, एका स्टुलावर. खोली बाबांची होती ती लॅपटॉपची झाली आणि बाबा तिथे पाहुणे झाले. एसीवरचा आकडा सव्वीसचा बावीस झाला, बावीसचा अठरा. सून खोलीत यायची ती शाल पांघरून. बाबांचं पथ्यपाणी, अंग पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं तिच्याकडे. ती काही मुळात दुष्ट नव्हती, पण थकून थकून तिच्या हातातली माया संपली होती, आणि उरला होता तो नुसता हात. "बाबा, गार लागतंय?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता बाहेर जायची. वाट बघूनही उपयोग नव्हता. बाबांचं बोलणं गेलं होतं.

बाबा आयुष्यभर बस चालवायचे. गाडीतल्या सत्तर माणसांवर ओरडणारा माणूस, आता त्यांच्या तोंडून साधा हुंकारही धड निघायचा नाही. उजवी बाजू पूर्ण लुळी. डावा हात चालायचा, पण त्या हाताने ते लघवीची नळी उपसून काढायचे, म्हणून सुनेने तो मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवला होता. हॉस्पिटलातच तसं शिकवलं होतं, त्यात तिची चूक नाही. उजवा तेवढा मोकळा होता. तो कुठे जाणार आहे, म्हणून मोकळा.

डोकं मात्र शाबूत होतं. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. आणि त्यामुळेच आठवड्यातून एकदा येणाऱ्या व्यायामाच्या बाईंनी मुलाला दारात जे सांगितलं, तेही त्यांनी ऐकलं होतं.

"आमच्या केंद्रात एक पलंग रिकामा होतोय," बाई म्हणाल्या होत्या. "तिथे रोज व्यायाम, रोज बोलण्याचा सराव. माणसं काठी घेऊन चालत बाहेर पडतात तिथून. पण हात-पाय जागे होण्याची आशा असेल त्यांनाच घेतात. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा बाबांनी उजव्या हाताने स्वतःहून काही केलं, एवढंसं जरी, तर मी लगेच त्यांचं नाव कळवते."

"आणि नाही केलं तर?"

"तर दुसरं कुणीतरी जाईल."

तेव्हापासून बाबा आपल्या उजव्या हाताकडे बघत पडून असायचे. चादरीवर पडलेला तो हात जणू दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्याला उठवायचं काम आपल्याकडे आलंय, असे एकटक. इथून बाहेर पडायचं तर त्या हाताच्याच जिवावर. मुलगा आणि सून यांनाही तेच हवं होतं. बाबा केंद्रात गेले की खोली मोकळी, सुनेची कंबर मोकळी. एरवी त्या घरात कशावरच एकमत नसायचं, पण त्या हाताने हलावं यावर होतं.

बाई यायच्या होत्या त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मुलाने सकाळी फिल्म पुन्हा पहिल्यापासून रेंडरला लावली. एकसंधच. या वेळी कुठलाच धोका नको म्हणून एसीचा आकडा सोळावर आणला. वायर आखूड पडत होती, म्हणून स्टूल पलंगाला अगदी खेटून ठेवलं. सुनेने बाबांचं जाड पांघरूण धुवायला टाकलं होतं. अंगावर नुसती चादर होती. दुपारी दोघं बाहेर पडले. बिल्डरला भेटायला जाताना घालायचे बूट घ्यायचे होते.

"बाबांच्या अंगावर काहीतरी घालायला हवं होतं," सून जिन्यात म्हणाली.

"तासाभरात तर येतोय," तो म्हणाला.

तास कसला, चांगले तीन गेले. बूट घेतले, मग त्याला शोभेल असा पट्टा घेतला, मग दोघांनी कुठेतरी बसून थंड काहीतरी प्यायलं. इतक्या दिवसांनी दोघं बाहेर पडली होती, त्यांचाही जीव आहे.

इकडे खोलीत बाबांना कुडकुड भरली. एसीचा झोत सरळ छातीवर. डाव्या हाताने चादर ओढावी तर तो बांधलेला. हाक मारावी तर आवाज नाही. आणि लॅपटॉप तलावाच्या पाण्याशी झुंजत होता, त्याच्या बाजूच्या जाळीतून गरम हवेचा झोत बाहेर पडत होता. त्या खोलीत ऊब असलेली तेवढी एकच जागा होती, आणि ती बाबांच्या उजव्या हातापासून वीतभर लांब होती.

कसं झालं ते कुणी पाहिलं नाही. पण तो हात उठला. आधी बोटं वळली असतील, मग मनगट, मग सगळा हात चादरीवरून फरफटत स्टुलाच्या कडेपर्यंत गेला असेल. बोटांनी लॅपटॉपची कड पकडली आणि ओढली. पलंग आणि स्टूल एकाच उंचीचे, त्या बाजूचा कठडा खाली केलेला, मध्ये फट नाही. तो सरकत सरकत पलंगावर आला, मग बाबांच्या कुशीत. चादरीचा एक पदर त्याच्यावर आला. लहान मूल घेऊन झोपावं तसे बाबा त्याला धरून झोपले. कित्येक दिवसांत त्यांना अशी झोप लागली नव्हती.

चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप श्वास कोंडून थोडा वेळ चालला आणि बंद पडला.

मुलगा नवे बूट घालूनच खोलीत आला. स्टूल रिकामं. आधी त्याला वाटलं चोरी झाली. मग चादरीतून बाहेर आलेली वायर दिसली. त्याने चादर झटक्यात उचलली. पडदा काळा. हात लावला तर चटका बसला.

"काय केलंत हे?" त्याने लॅपटॉप ओढला. सुटेना. बाबांची बोटं त्याच्या कडेला घट्ट रुतून बसली होती. बाबा जागे झाले आणि त्याच्याकडे बघायला लागले. "सोडा. सोडा म्हणतो ना." लुळ्या हाताची पकड अशीच असते, बसली की माणसाच्या मनात असलं तरी सुटत नाही. मुलाला ते काय माहीत. त्याने एकेक बोट धरून उलटं वाकवलं आणि सोडवलं. शेवटच्या बोटाला बाबांच्या घशातून आवाज आला. लॅपटॉप सुटला तसा मुलाने तो बाजूला ठेवला, आणि बाबांच्या हाताच्या पाठीवर फटका मारला. मग दुसरा. मग हिशेब राहिला नाही.

"मुद्दाम केलंत. माझं कधी चांगलं बघवलं नाही तुम्हाला. एवढं करतोय तुमचं, त्याचे हे पांग फेडलेत?" त्याचा आवाज चिरकला. त्याला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा राग येत होता, आणि तो राग काढायला समोर एक हात होता.

"अरे थांब," सून दारातून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"अरे थांब ना. हा उजवा आहे."

त्याचा हात वरच राहिला. "उजवा म्हणजे?"

"म्हणजे उजवा. लुळा हात. डावा बघ, बांधलेलाच आहे."

दोघांनी कठड्याकडे बघितलं. डाव्या हाताची पट्टी जशीच्या तशी होती. मग दोघं उजव्या हाताकडे बघायला लागले. तो लाल झाला होता आणि थरथरत होता. आणि काय सांगावं, दोघांच्या तोंडावर हसू फुललं.

घरात सणासुदीसारखं वातावरण झालं. मुलाने ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताई तिकडे रडली, हसली, पुन्हा रडली. "बाबा, मला एकदा हलवून दाखवा ना," ती म्हणाली. बाबांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात चादरीवर जसाच्या तसा. "थकलेत ते," मुलगा म्हणाला. "लॅपटॉप ओढला त्यांनी, चेष्टा आहे का?" झालेल्या नुकसानाबद्दल तो ताईशी अगदी मोठ्या मनाने बोलला. फिल्म काय, पुन्हा होईल, म्हणाला. मारल्याचं त्याच्या बोलण्यात आलं नाही. मला वाटतं, त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशीही हात हलेना. तिसऱ्या दिवशीही नाही. सून उशाशी बसून गोड आवाजात विनवायची, "बाबा, एकदाच. बाईंना दाखवायचंय ना?" बाबा छताकडे बघत राहायचे.

शेवटी तिच्याच डोक्यात आलं. "परवा गारठले म्हणून त्यांनी लॅपटॉप ओढला. मग तसंच करू या की."

आणि त्यांनी तसंच केलं. एसी सोळावर, पांघरूण काढून घेतलं, आणि लॅपटॉप हातापासून वीतभर लांब ठेवून त्याला कामाला लावलं. या वेळी मुलाने चित्रं सुटी सुटी साठवायला लावली होती. एवढं शहाणपण त्याला आलं होतं. एका दगडात दोन पक्षी. फिल्म पुढे सरकत होती आणि बाबांचा व्यायामही होत होता. बाबांचे दात वाजायचे. ओठ निळसर पडायचे. मुलगा खुर्ची टाकून समोर बसायचा, अंगात स्वेटर, हातात गरम चहा. "ओढा, बाबा. गरम आहे बघा. ओढा ना." बराच वेळ काही झालं नाही की तो पेनच्या टोकाने बोटांना टोचायचा. जागं करायला. आणि मग वैतागून पुन्हा एक चापट द्यायचा. लागेल अशी नाही, आठवण करून देण्यापुरती.

हात हलला नाही. फिल्म मात्र पुरी झाली. एकदाही न अडकता, एकदाही न तापता. तलावातलं पाणी असं चमचमत होतं की बिल्डरने खुर्चीतून उठून त्याचा हात हातात घेतला.

बाई आल्या त्या दिवशी मुलगा नवे बूट घालूनच तयार होता. बाई गेल्या की त्याला ऑफिसात रुजू व्हायला जायचं होतं. बाई खोलीत शिरल्या आणि गारठून आपले दोन्ही दंड चोळायला लागल्या.

"इथे माणूस ठेवलाय की भाजीपाला?" त्यांनी एसी बंद केला, खिडकी उघडली. "गारठ्याने असे हात आणखी आखडतात. कुणी सांगितलं इतकं गार करायला?"

"लॅपटॉप तापतो ना," मुलगा म्हणाला. त्याला ते पुरेसं कारण वाटत होतं.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. बाबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्या हळूहळू चोळत राहिल्या. मग थांबल्या. "बोटांवर हे डाग कसले?"

"कठड्याला लागलं असेल," सून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. हात चादरीवर ठेवला. "बाबा, घाई नाही. एक बोट उचला. कुठलंही." त्यांनी वाट बघितली. बाबांची नजर बाईंवर होती, मग ती त्यांच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या मुलाकडे गेली, आणि तिथेच अडकली. कपाळावर घाम आला. बोट हललं नाही. बाहेर जायचा रस्ता समोर उघडा होता, त्यांना तो दिसत होता, आणि ते जागचे हलत नव्हते.

"पुन्हा एकदा बघू," बाई म्हणाल्या. पुन्हा काही नाही. त्यांनी सुस्कारा टाकून पिशवी जवळ ओढली.

"नाही नाही, थांबा," मुलगा घाईघाईने म्हणाला. "त्यांचा हात हलतो. शपथेवर सांगतो. लॅपटॉप ओढला होता त्यांनी, एवढा जड."

"घरचे सगळे असंच सांगतात हो. तुमचं मन मी समजू शकते."

"मन काय, डोळ्यांनी बघितलंय. थांबा, दाखवतोच." तो टेबलावरून लॅपटॉप घेऊन आला आणि बाईंना जवळजवळ बाजूला सारून बाबांवर वाकला. "बाबा, हे बघा." एका हातात लॅपटॉप, दुसरा हात त्याने बाबांच्या हाताकडे नेला, तो सरळ करून ठेवायला.

आणि उजवा हात हलला. कोपर वाकलं, खांदा मागे गेला, सगळा हात चादरीवरून फरफटत मागे आला आणि बाबांच्या स्वतःच्या पाठीखाली शिरला. दिसेनासा झाला. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते आणि मान खांद्यांत ओढून घेतली होती.

"बघा," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हटलं होतं ना मी? शाब्बास, बाबा." त्याने शाबासकी द्यायला हात पुढे केला. बाबा भिंतीच्या बाजूला आणखी सरकले.

"तुम्ही बाहेर जा," बाई म्हणाल्या.

"का? हलला की."

"हलला. मी बघितलं. तुम्ही बाहेर जा."

तो गेला. आनंदाच्या भरात त्याला बाईंचा आवाज कळलाच नाही. सून भिंतीला टेकून नखं खरवडत उभी राहिली. बाईंनी बाबांच्या डाव्या हाताची पट्टी सोडली, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि केंद्रात फोन लावला. "हो, हालचाल आहे," त्या म्हणाल्या. "नाही, उद्या नको. गाडी आत्ताच पाठवा. मी इथेच थांबते."

बाहेर मुलगा ताईशी बोलत होता. त्याचा आवाज भरून आला होता, आणि तो इतका मोठ्याने बोलत होता की शब्द न्‌ शब्द आत ऐकू येत होता.

"अगं, बाईंनी सांगितलं तर ढिम्म हलवला नाही. मी नुसता जवळ गेलो, आणि मला बघून हलवला."